गिलमोरचा 'लक अँड स्ट्रेंज' कोणी नीट ऐकलाय का?

सड्यावरचा (रत्नागिरी)

डेव्हिड गिलमोरचा 'लक अँड स्ट्रेंज' ६ सप्टेंबर २०२४ ला आला. त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. मखर, माटवी, पनवेलपासून तुंबलेला हायवे, घरात चाकरमान्यांचा गोतावळा. या धांदलीत ब्रिटिश गिटारवाल्याचा अल्बम इथे कोण ऐकणार? मग तो राहूनच गेला. पिंक फ्लॉइड या रॉक बँडमधल्या त्याच्या जुन्या जोडीदाराने, रॉजर वॉटर्सने, तोंड उघडायचा अवकाश, आपल्याकडे शंभर प्रतिसाद पडतात. या अल्बमवर मात्र एक धागा नाही. म्हणून हा खटाटोप.

नव्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. गिलमोरचा जन्म ६ मार्च १९४६ चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा गडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पिंक फ्लॉइडमधली कारकीर्द सगळ्यांना ठाऊक आहे. सोलो अल्बम मात्र मोजून पाच: स्वतःच्या नावाचा १९७८ चा, 'अबाउट फेस' १९८४, 'ऑन ॲन आयलंड' २००६, 'रॅटल दॅट लॉक' २०१५ आणि आता हा. आधीच्या दोन अल्बममध्ये सुंदर जागा होत्या, पण सगळं कसं गुळगुळीत, घासूनपुसून ठेवलेलं. चूक काढायला जागा नाही आणि पुन्हा लावावंसंही वाटत नाही.

हा तसा नाही. माझ्या मते पाचांतला हा सर्वांत जिवंत, आणि त्याचं श्रेय गिटारीला कमी आणि गिलमोरने दुसऱ्यांना घरात घेतलं त्याला जास्त. निर्माता आहे चार्ली अँड्र्यू, 'ऑल्ट-जे' या बँडचे अल्बम करणारा. गिलमोरने स्वतःच सांगितलंय की या माणसाला फ्लॉइडचा इतिहास फारसा माहीत नव्हता आणि त्याचं दडपणही नव्हतं. गाणी ऐकून तो विचारायचा, इथे गिटारचा सोलो कशाला हवा? सगळी गाणी शेवटी हळूहळू विरत फेड आऊटच का होतात, एखादं सरळ संपू दे की! पन्नास वर्षं ज्याच्या सोलोवर लोक डोळे मिटून बसतात त्याला हे तोंडावर विचारायचं म्हणजे छाती हवी. आणि ते ऐकून घ्यायला त्याहून मोठी.

बाकी माणसं घरातलीच. शब्द मुख्यतः बायकोचे, पॉली सॅमसनचे. मुलगी रोमनी एका गाण्यात गाते, हार्पही वाजवते. शेवटच्या 'स्कॅटर्ड'च्या शब्दांत मुलगा चार्लीचा हात आहे. 'सिंग्ज'मध्ये ज्यो या मुलाचा लहानपणीचा आवाज येतो, बाबाला गा म्हणून सांगणारा. आणि शीर्षकगीतात फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट. होय, तोच, २००८ साली गेलेला. त्याबद्दल सविस्तर कोणीतरी लिहा, मला त्यावर मतं ऐकायची आहेत.

---

मांडवी_एक्सप्रेस

धाग्याबद्दल धन्यवाद. मी गणपतीला येताना हाच अल्बम डाउनलोड करून निघालो होतो. एक अनुभवाचा सल्ला: जनरल डब्यात, खिडकीशी बसून हा ऐकू नये. पहिलं 'ब्लॅक कॅट' म्हणजे रॉजर ईनोचा हळुवार पियानो, आणि आमची गाडी करबुड्याच्या बोगद्यात. साडेसहा किलोमीटर नुसता खडखडाट. बाहेर आलो तेव्हा दुसरं गाणं निम्मं झालं होतं. गावी पोचल्यावर आरत्या, जेवणावळी, पत्ते. शेवटी गौरी-गणपती गेल्यावर पडवीत पुन्हा लावला तेव्हा कळलं की हा हळू आवाजात वाजणारा अल्बम आहे. आवाज वाढवून उपयोग नाही, आजूबाजूचा कमी करावा लागतो.

---

तिरफळ

सगळे चांगलं म्हणणार, तर कोणीतरी तोंड वाकडं करायला हवं.

मी दोनदा ऐकला. मला हा घरगुती कार्यक्रम वाटला. बायकोच्या कविता, मुलीचं गाणं, मुलाच्या ओळी, बाळाचा आवाज. सत्यनारायणाला शेजाऱ्यांनी बसून ऐकावं तसं आपण बसायचं. विषय काय, तर म्हातारपण आणि मरण. ससेक्समध्ये शेत, टेम्स नदीवर तरंगता स्टुडिओ, २०१९ ला गिटारी विकल्या तर नुसती ती काळी स्ट्रॅट गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. अशा माणसाचं मरणाचं चिंतन मला का भिडावं?

आणि हो, तो स्वतः म्हणतो की १९७३ च्या फ्लॉइडच्या 'डार्क साइड' अल्बमनंतरचं हे त्याचं सर्वोत्तम काम. नवीन अल्बम विकायला काढलेला कुठला गायक याहून वेगळं म्हणतो?

---

सड्यावरचा (रत्नागिरी)

तिरफळ, नावाला जागलात! पण लिलावाचं अर्धंच सांगितलंत. त्या विक्रीचे सगळे मिळून दोन कोटी डॉलरच्या वर पैसे झाले आणि ते सगळे 'क्लायंटअर्थ' या पर्यावरणासाठी कोर्टात भांडणाऱ्या संस्थेला गेले. श्रीमंत आहे हे खरं, त्या गिटारीवर श्रीमंत झाला नाही इतकंच.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

"बायकोच्या कविता" हे जरा खटकलं. पॉली सॅमसन कादंबरीकार आहे, आणि ती गिलमोरसाठी फ्लॉइडच्या १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल' अल्बमपासून लिहितेय. त्यातलं 'हाय होप्स' ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी तिला हौशी म्हणू नये.

मला या अल्बममध्ये जे विलक्षण वाटतं ते वेगळंच आहे. इथे नवऱ्याचं म्हातारपण बायको लिहिते आणि नवरा ते स्वतःचं म्हणून गातो. ती त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. म्हणजे मागे कोण राहणार याचा हिशोब दोघांच्याही डोक्यात असणारच, आणि तो हिशोब दोघं मिळून चालीत बसवतायत. आपल्याकडे किती घरांत नवरा-बायको हा विषय एकमेकांशी बोलतात? आमच्या घरात सासूबाईंनी एकदा "माझ्यानंतर तुळशीला पाणी कोण घालणार" म्हटलं तर सासरे उठून बागेत निघून गेले. विषय संपला.

'डार्क अँड व्हेल्वेट नाइट्स' ही तिने लग्नाच्या वाढदिवसाला लिहिलेली कविता. त्यात प्रेम आहे, पण पोटात भीतीही आहे. तिरफळ, हे श्रीमंतीचं दुखणं नाही हो. हे ज्याच्या त्याच्या पडवीत आहे.

शीर्षकगीतही तसंच वाचा. महायुद्धानंतर जन्मलेल्या त्या पिढीला सगळं छान मिळालं, शांतता, कामं, संगीत, पुढे सगळं चांगलंच होणार असा भरवसा. तो सोनेरी काळ फक्त नशिबाचा भाग होता का, आणि आता तो संपला का, असं ते गाणं विचारतं. आपण भाग्यवान होतो हे कबूल करणारे म्हातारे कमी. बहुतेक सगळे "आम्ही कष्टाने मिळवलं" म्हणून मोकळे होतात.

---

नवखा_चिपळूण

मी फ्लॉइड फारसं ऐकलेलं नाही, शिव्या घालू नका. मला 'बिट्वीन टू पॉइंट्स' एका रीलमध्ये सापडलं आणि मी समजत होतो की ही कोणी नवीन गायिका आहे. नंतर कळलं मागे गिटार वाजवणारे आजोबा कोण ते. आधी सगळं फ्लॉइड ऐकून मग या अल्बमकडे यायचं का? की असाच ऐकला तरी चालेल?

---

कातळशिल्प (मालवण)

नवख्या, असाच ऐक. फ्लॉइडचं ओझं न घेता ऐकणारा निर्माता त्याला चालला, तर श्रोताही चालेल.

'बिट्वीन टू पॉइंट्स' मुळात त्यांचं नाहीच. मँचेस्टरकडच्या 'द माँगोल्फिए ब्रदर्स' नावाच्या जोडीचं १९९९ चं गाणं आहे ते. फार थोड्यांना माहीत होतं. मूळ गाणं पुरुषाच्या आवाजात, हरलेल्या माणसाचं. तेच विशीतल्या मुलीच्या कोऱ्या आवाजात आल्यावर त्यातली हार जास्त लागते. तिला उगाच भावना ओतायची सवय नाही. सरळ गाते. शेवटी बापाची गिटार येते तीही तिच्या आवाजाच्या उंचीपर्यंतच. लेकीच्या गाण्यात बापाने मिरवलं असतं तर वाट लागली असती.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी इथे मुलांना गिटार शिकवतो. खाऱ्या हवेत तारा टिकत नाहीत, पावसाळ्यात तर नवीन सेट पंधरवड्यात तांबूस होतो आणि बोटांना गंजाचा वास येतो. गिटार ठेवायच्या कपाटात मी जुना पिवळा बल्ब पेटता ठेवतो, नाहीतर लाकडाला बुरशी. तर अशा तारांवर गिलमोरसारखी तार ओढून बघा. गंजलेल्या तारेवर बोट घसरतच नाही, सूर मध्येच अडकतो. त्याचं सगळं वाजवणं त्या ओढण्यावर आहे. फ्रेटवर स्वर धरायचा, तार वर ढकलत पुढचा स्वर गाठायचा, तिथे थांबायचं आणि मग कंप द्यायचा. आधी कंप नाही. पोरं इथेच चुकतात, पोचायच्या आधीच थरथरायला लागतात. आपल्या मींडेशी नातं सांगणारं वाजवणं आहे हे, म्हणून आपल्या कानाला परकं वाटत नाही.

'स्कॅटर्ड'मध्ये दोन सोलो आहेत. आधी अकूस्टिक गिटारीवर, कोरडा, जवळून ऐकू येणारा, बोटांच्या घासण्यासकट. मग तारवाद्यांचा मोठा लोंढा आणि त्यावर इलेक्ट्रिक. पहिल्यात मला जास्त मजा येते. अकूस्टिकवर स्वर लांबत नाही, लगेच विरतो. त्यामुळे जिथे तो एरवी एका स्वरावर चार मात्रा उभा राहिला असता तिथे त्याला पुढचा स्वर शोधत जावं लागतं. बोटं आता पूर्वीइतकी चपळ नाहीत हे दोन-तीन जागी स्पष्ट कळतं, आणि त्याने ते झाकलेलं नाही. याच जागी निर्मात्याने "हे राहू दे" म्हटलं असणार असं मला राहून राहून वाटतं.

ड्रम्सही ऐका. काही गाण्यांना स्टीव्ह गॅड आहे, गिलमोरपेक्षा वर्षभराने मोठाच. काही गाण्यांना ॲडम बेट्स, तरुण गडी. दोघांची पोत वेगळी आहे तरी अल्बम फाटत नाही.

---

पेटीमास्तर (कणकवली)

माका इंग्रजी गाण्यातला काय कळणा नाय, पण पोराने कानाक लावन दिल्यान म्हणान आयकलंय. आता शुद्धात लिहितो, नाहीतर घाटावरचे रागावतील.

मी डबलबारीला (भजनाच्या सामन्याला) पेटीवर साथ करतो. आमच्याकडे एखादा नाणावलेला बुवा उतारवयात काय करतो? ऐन उमेदीत काळी चारात, उंच पट्टीत गाणारा माणूस काळी दोनात, खाली येतो. जे समजूतदार ते गजर चढवायचं काम पाठीमागच्या पोरांवर सोपवतात आणि स्वतः रूपाचा अभंग खालच्या पट्टीत, शब्द सांभाळून म्हणतात. लोक उठत नाहीत. जे समजूतदार नाहीत ते काळी चारच धरून बसतात, घसा फुटतो, आणि मंडपातली माणसं चहाच्या टपरीवर जातात. हे गिलमोर पहिल्या जातीचे बुवा दिसतात. आवाज फाटका झालाय, तो त्यांनी लपवला नाही, पट्टी सोडली.

राइट यांच्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. ते दुसरं गाणं मी फक्त त्यांच्या वाजवण्यासाठी परत परत ऐकलं. साथीदाराचं काम ओळ चालू असताना मागे राहायचं आणि ओळ संपली की भरणा करायचा. हा माणूस भरणाही पुरता करत नाही. अर्धी जागा रिकामी सोडतो. गिटारवाल्याने काही म्हटलं की थोडं थांबून, जणू विचार करून, दोन स्वर टाकतो. इलेक्ट्रिक पियानो आणि हॅमंड ऑर्गन, दोन्ही त्यांचंच. ही अशी साथ सरावाने येत नाही, एका माणसाबरोबर आयुष्य काढलं की येते. माझे पखवाजी गेल्यावर मला वर्षभर ठेका परकाच वाटायचा. माणूस चांगला वाजवायचा, पण माझा श्वास त्याला ठाऊक नव्हता.

---

सड्यावरचा (रत्नागिरी)

मास्तर, तुम्ही लिहिलंत म्हणजे धाग्याचं चीज झालं.

ते वाजवणं कुठून आलं ते सांगतो. जानेवारी २००७. 'ऑन ॲन आयलंड'चा दौरा आदल्या वर्षी संपलेला. गिलमोरच्या घराजवळच्या गोठ्यात (बार्न म्हणतात तसला, धान्य-गवताचा) मंडळी सहज वाजवायला बसली: गिलमोर, राइट, बासवर गाय प्रॅट, ड्रम्सवर स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओ. एक सुरावट घोळवत राहिले, रेकॉर्डिंग चालू होतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात राइट गेला. ती सुरावट सतरा वर्षं पडून राहिली आणि तिच्यावर हे गाणं उभं केलं. मूळ गोठ्यातलं वाजवणं जोडगाणं म्हणून अल्बमच्या शेवटी दिलंय, चांगलं चौदा मिनिटांच्या आसपास.

---

तिरफळ

माझा आक्षेप इथेच आहे. मेलेल्या माणसाचं वाजवणं घेऊन नवं गाणं करायचं हा प्रकार मला पटत नाही. फ्लॉइडचा 'द एंडलेस रिव्हर' अल्बम आठवा, २०१४. तेव्हाही १९९३ च्या उरलेल्या टेपा काढल्या, राइटच्या नावाने श्रद्धांजली म्हटलं आणि फ्लॉइडचा शिक्का मारून विकलं. अर्ध्याहून जास्त नुसतं वातावरण. आता पुन्हा तेच. जाणाऱ्याला जाऊ द्यावं की नाही?

---

कातळशिल्प (मालवण)

'एंडलेस रिव्हर'बद्दल तुमच्याशी भांडणार नाही, मलाही तो पूर्ण ऐकवत नाही. पण फरक आहे. तिथे उरलेले तुकडे जोडून अल्बम केला. इथे एका गाण्याचा पाया आहे, तो वाजवताना गिलमोर स्वतः त्या खोलीत होता, आणि गाण्याचा विषयच मागे वळून बघण्याचा आहे. तो जॅम, म्हणजे गोठ्यातलं ते वाजवणं, मूळ रूपात शेवटी देऊनही टाकलाय. घ्या, ताडून बघा, आम्ही काय केलं ते. लपवाछपवी नाही.

आणि वाटलं तर वॉटर्सकडे बघा. २०१७ चा त्याचा सोलो, नायजेल गॉडरिचने केलेला, मला खूप आवडतो, कधी कधी यापेक्षाही जास्त. पण त्यानंतर २०२३ ला त्याने 'डार्क साइड' पुन्हा एकट्याने करून काढला, गिटारचे सोलो काढून टाकून त्यावर पुटपुटत. उतारवयात एकाने जुन्याच घराच्या भिंती पाडून बघितल्या, दुसऱ्याने दार उघडून पोरांना आत घेतलं. मला दुसऱ्याच्या घरी जायला आवडेल.

---

मांडवी_एक्सप्रेस

वॉटर्सचं नाव आलं, आता चालला धागा शतकाकडे!

---

सुरंगी (वेंगुर्ला)

तिकडे नको नेऊया, प्लीज.

तिरफळ यांचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. माझं मत: गेलेल्याचं वाजवणं नव्या गाण्यात घेतलं तर ते त्याच्या तोंडी नवं काही घालण्यासाठी नको. इथे राइटकडून काही नवीन वदवून घेतलेलं नाही. तो तिथे बसलाय, त्याच्या त्या दिवसाच्या लहरीत. बाकीचं गाणं त्याच्याभोवती जमलंय.

'स्कॅटर्ड'मध्ये काळाला भरतीची उपमा आहे, कुणाचं न ऐकणारी. लंडनला बसून हे लिहिलं तर कविता होते. इथे मात्र श्रावणातल्या उधाणाला तोंड देणारी माणसं राहतात, त्यांना भरती न ऐकणारी असते हे कवितेतून कळायची गरज नाही. तरी ती ओळ तो ज्या थकल्या आवाजात म्हणतो, त्यात तक्रार नाही, जरा वैताग आहे. तो वैताग मला फार खरा वाटला.

---

नवखा_चिपळूण

रात्री लाइट गेली होती तेव्हा फोनवर पूर्ण ऐकला. 'द पायपर्स कॉल' सुरुवातीला युकुलेलीवर आहे ना? मला वाटलं चुकून दुसरंच काही लागलं. आणि शेवटी तीच चाल एवढी मोठी होते. 'अ सिंगल स्पार्क' कळायला वेळ लागेल असं वाटतं. आमच्या बॅचमध्ये कोणी सात मिनिटांचं गाणं ऐकत नाही, मी 'स्कॅटर्ड' पाठवलं तर एकाने विचारलं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं :)

लाइव्ह ऐकायची काही सोय?

---

सड्यावरचा (रत्नागिरी)

त्याने जगभर दौरा केलाच नाही. २०२४ च्या शरदात रोम, लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, बस. रोमला 'सर्कस मॅक्सिमस'च्या मोकळ्या मैदानात केलेल्या कार्यक्रमाची फिल्म २०२५ च्या सप्टेंबरात आली, ऑक्टोबरात 'द लक अँड स्ट्रेंज कॉन्सर्ट्स' नावाने लाइव्ह अल्बम. फिल्म मोठ्या पडद्यासाठी आहे, आपल्याकडे रत्नागिरीत कुठे लागायची? लाइव्ह अल्बम ऐक. त्यात रोमनीचं गाणं ऐक आणि टाळ्या कुणाला जास्त पडतात तेही ऐक.

एक सूचना, फोनवरच्या ॲपमध्ये शफल बंद कर. 'विटा ब्रेविस' हा पाऊण मिनिटाचा तुकडा 'बिट्वीन टू पॉइंट्स'च्या आधी मुद्दाम ठेवलाय, वेगळा काढला तर अर्थ नाही. आणि बार्न जॅम सुरुवातीला नको, शेवटीच.

---

पेटीमास्तर (कणकवली)

तो चौदा मिनिटांवालो आयकलंय. गाण्यापेक्षा माका तोच बरो वाटलो. शब्द नाय, कोण ऐकता याची पर्वा नाय. पोराक सांगितलंय पेनड्राइव्हार घालून दी, गाडयेत लावतंलय.

---

तिरफळ

तुमच्या सगळ्यांच्या आग्रहाखातर तिसऱ्यांदा ऐकला. मत बदललेलं नाही. राइट चांगला वाजवतो हे मी आधीही नाकारलं नव्हतं. मास्तर म्हणतात तसा मूळ जॅमच बरा, म्हणजे माझंच म्हणणं खरं, त्यावर गाणं चढवायची गरज नव्हती.

बाकी सर्वांत आवडलं ते 'विटा ब्रेविस'. लवकर संपतं.